गौरीची गोळी

माझी थोरली बहीण आक्काताई एसटीत कंडक्टर आहे आणि तिचा आवाज चंदगडपर्यंत ओळखीचा आहे. "पुढं सरका की, पुढं काय वाघ बसलाय व्हय?" असं ती म्हणाली की उभी गाडी पुढं सरकते. एकदा एक पावणा दारू झोकून आला आणि गाडीत बायकांना त्रास द्यायला लागला. हिनं बेल मारून गाडी थांबवली, त्याला आजऱ्याच्या अलीकडं माळावर उतरवलं आणि मागं राहिलेली त्याची एक चप्पलही खिडकीतून आठवणीनं खाली टाकली. अशी बाई स्वतःच्याच अंगात काय चाललंय ते कळेना म्हणून वर्ष-दीड वर्ष चाचपडत राहिली, हे मला अजून पटत नाही. मलाही सगळं उमगलंय अशातला भाग नाही. जेवढं उमगलं तेवढं सांगते.

मी पूर्णिमा, आक्का मला पुने म्हणून हाक मारते. मला राधानगरीला दिली आणि आक्काला कोल्हापुरात, शाहूपुरीत, स्टँडच्या मागच्या गल्लीत. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बसायचं, झोपायचं, टीव्ही बघायचा. आतल्या खोलीत स्वयंपाक, मोरी आणि देव. घरात तिचे सासरे केरबामामा, सासू शालूमावशी, नवरा म्हणजे आमचे जोतीराम दाजी, आणि ही गोष्ट घडली तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलगी निशिगंधा. दाजी फाउंड्रीत कामाला. माणसं सगळी चांगली, भांडायला उभं राहावं असं त्यांच्यात कुणी नाही. माझी अडचण तिथंच होते. एखादा तरी दुष्ट सापडला असता तर ही गोष्ट सांगायला किती सोपी झाली असती.

शालूमावशींच्या घरात शिवताशिवत होती. महिन्याचे चार दिवस देवाला आणि चुलीला हात लावायचा नाही, बाहेरच्या खोलीतल्या खिडकीजवळच्या कोपऱ्यात बसायचं, तिथंच ताट घ्यायचं. लग्न होऊन आक्का आली आणि तिनं भांडण न करता त्यावर तोडगा काढला. बाकीच्या बायका त्या दिवसांत रजा टाकतात, आमची आक्का त्या दिवसांत चंदगडची गाडी मागून घ्यायची. पहाटे जायचं, दिवेलागणीला यायचं, कोपऱ्यात जेवून आडवं व्हायचं. पाठ मोडायची, पोटात कळा यायच्या, तरी तिला तेच बरं वाटे. मी एकदा विचारलं, "आगं, घरात निवांत पडून राहायचं सोडून त्या घाटातनं कशाला आदळत जातीस?" तर म्हणाली, "गाडीत मला कोन इचारतंय? तिकीट घेताना माझा हात लागला म्हनून कोन घरला जाऊन आंगूळ करत न्हाई." चंदगडच्या गाडीमुळं सुनेचं स्वातंत्र्य राहिलं आणि सासूचा नेमही राहिला.

वर्षातून एकदा मात्र गाडीचा उपयोग नव्हता. गौरी-गणपतीत घरातल्या सुनेनं बाजूला बसून कसं चालेल? तारीख जवळ आली की मेडिकलमधनं गोळी आणायची. आमच्याकडं सगळ्याच आणतात, मीही आणलेली आहे. दुकानात जाऊन "गौरीची गोळी द्या" एवढंच म्हणायचं, तो काही न विचारता कागदात गुंडाळून देतो. तिचं खरं नाव काय, ती पोटात जाऊन काय करते, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. खण, नारळ, ओटीचं सामान, आघाडा-दुर्वा आणि गोळी. ती आमच्या लेखी औषध नव्हतीच कधी, सणाची तयारी होती.

मग कोरोना आला आणि सगळे घरात येऊन बसले. दाजींची फाउंड्री बंद, एसटी बंद, निशिगंधाची शाळा बंद. त्यात दाजींचा धाकटा भाऊ सम्राट पुण्याहून शेवटच्या गाडीनं आला आणि लॅपटॉप घेऊन कामाला बसला. कुठं बसला? खिडकीजवळच्या कोपऱ्यात, कारण मोबाइलची रेंज तिथंच यायची. शालूमावशींनी जोतिबापुढं दिवा लावला आणि नवस बोलल्या, हा रोग जाईपर्यंत दिवा विझू द्यायचा नाही. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, ऑपरेशनची तारीख लॉकडाऊननं खाल्ली होती. म्हणून तेल घालायचं काम आक्काकडं आलं.

पहिल्या महिन्यात अडचण आली तेव्हा घरात बसायला जागाच नव्हती. बाहेर तीन पुरुष, आत देव. शेवटी जिन्याच्या वळणावर एक चटई टाकली आणि आक्का चार दिवस तिथं बसली. वरच्या मजल्यावरची माणसं दूध घ्यायला, कचरा टाकायला त्याच जिन्यानं उतरायची. ती आली की आक्का गुडघे पोटाशी घ्यायची. ज्या बाईनं दारुड्याला माळावर उतरवला, ती लोकांना वाट द्यायला भिंतीला चिकटत होती. वरच्या एका पोरानं आईला मोठ्यानं विचारलं, "काकूला कोरोना झालाय काय?" आई म्हणाली, "तसलंच काय तरी. चल, शिवू नको." तिकडं आत शालूमावशींनी अर्धवट दिसणाऱ्या डोळ्यांनी भाकरी थापल्या आणि तव्यावर हात भाजून घेतला.

हे मला त्या वेळी फोनवर सांगायलाही आक्काला आडोसा नव्हता. सगळे ऐकत बसलेले. म्हणून आम्ही बहिणींनी पाळीला गाडी म्हणायला सुरुवात केली. "गाडी आल्ती, जिन्यात थांबल्यालो," असं ती म्हणाली आणि मागून दाजींचा आवाज आला, "आगं, एसटी बंद हाय, कसली गाडी?" त्या दिवसांत आम्ही दोघी हसलो त्या एवढ्यावरच.

पुढच्या महिन्यात जिन्याची पाळी येऊ नये म्हणून शालूमावशींनीच तोड काढली. "गौरीला घेतीस ती गोळी घे की. लॉकडाऊन उठंपत्तर घे, मग सोड." सुनेला जिन्यात बसवावं लागू नये म्हणून त्यांनी हे मायेनंच सुचवलं, असं मी आजही मानते. दाजींनी गोळ्या आणल्या. वैशाखात कसली गौर, असं मेडिकलवाल्यानं विचारलं नाही. लॉकडाऊन उठायच्या तारखेपर्यंत पुरतील एवढी पाकिटं दिली. मग तारीख वाढली. परत पाकिटं. परत तारीख वाढली. टीव्हीवर नवी तारीख सांगितली की दाजी पायात चप्पल घालायचे. देशातला लॉकडाऊन जेवढा लांबला तेवढी माझ्या बहिणीची गोळी लांबली, आणि यात काही चुकतंय असं त्या घरात एकालाही वाटलं नाही. सणाला घेतो तीच तर गोळी, तिचं काय होणार?

आक्का गोळी घेतेय हे मला ठाऊकच नव्हतं. फोनवर ती एवढंच सांगायची, "पुने, मला काय झालंय कळंना. अंग सुजल्यागत झालंय. चपाती लाटता लाटता रडू येतंय. काल सम्राटभावजींच्या लॅपटॉपवर वराडलो." मी म्हणायचे, कुणाला बरं वाटतंय या दिवसांत? आणि ते खोटं नव्हतं. त्या उन्हाळ्यात माझी स्वतःची गाडी दोन महिने आली नाही, गोळी न घेता. मला वाटलं, या वयात पुन्हा दिवस गेले की काय, आणि मी घाबरून नवऱ्याशी बोलायचंच बंद केलं. शेजारच्या स्वप्नालीचं उलटं, तिची महिन्यातून दोनदा. ती म्हणे काढ्यानं उष्णता झाली. तिची सासू म्हणे सॅनिटायझर अंगात मुरलं. कुणी म्हणे काळजी, कुणी म्हणे झोप नाही, कुणी म्हणे दिवसभर डोळ्यांसमोर बसलेला नवरा. दवाखान्यात जायचं तर आधी पोलीस विचारणार कुठं निघालाय, आणि त्या पोलिसाला सांगणार काय? मग सगळ्या गप्प. सगळ्यांचंच बिघडलेलं असल्यावर एकीचं जास्त बिघडलंय हे ओळखायचं कसं?

मे संपता संपता गोळी चालू असतानाच आक्काला थोडं थोडं रक्त दिसायला लागलं. मेडिकलवाला म्हणाला, दिवसाला दोनच्या तीन करा. तिनं केल्या. मग जिल्ह्यातल्या जिल्ह्यात गाड्या सुटायला लागल्या आणि डेपोतून बोलावणं आलं. आता घराबाहेरच पडणार, मग गोळी कशाला, म्हणून तिनं एका दिवसात ती बंद केली आणि खुशीत खाकी चढवली. मला फोन केला तो थेट स्टँडवरनं, गर्दी नसलेल्या स्टँडवरनं, आणि पहिल्यांदा मोकळ्या आवाजात बोलली.

दोन-तीन दिवसांत रक्त जायला लागलं ते थांबेना. पण घाबरलं कोण? कुणीच नाही! शालूमावशी म्हणाल्या, "एवढं दिस तुंबल्यालं हाय, भाईर पडायला नगो?" शेजारणीही तेच म्हणाल्या. आक्काला ते पटलं. मला कळलं असतं तर मलाही पटलं असतं, कारण मी धरणाच्या गावची. आमच्या धरणाचे दरवाजे उघडले की नदी चार दिवस फुगणार हे आम्हाला पाठ असतं, त्यात कुणी घाबरत नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. घरी जुन्या साड्यांचे तुकडे धुवायचे कुठं आणि वाळत घालायचे कुठं, दोरीसमोर सम्राट बसलेला. ते ओले तसेच पलंगाखाली वाळायचे आणि त्यांनी अंगावर चट्टे उठले. तरी ती चंदगडच्या गाडीवर जात राहिली. मला म्हणायची, "गाडीत बरं वाटतंय."

चंदगडहून परत येताना गाडीत तिला चक्कर आली. तिकिटाचं मशीन हातात घेऊन ती दोन सीटच्या मधे खाली बसली ती उठलीच नाही. गाडीत निम्मीच माणसं सोडायचे तेव्हा. त्या निम्म्यांनी एकच गिल्ला केला, "कोरोना! कंडक्टरला कोरोना!" ड्रायव्हर गणपतरावांनी गाडी थांबवायच्या आत एकजण खिडकीतनं बाहेर निघायला लागलेला. पाच मिनिटांत गाडी मोकळी. जिच्या हातून एवढी वर्षं तिकिटं घेतली, तिला पाणी द्यायला एक माणूस पुढं आलं नाही. मला त्यांचा राग येतो. मग वाटतं, त्या वेळी मी त्या गाडीत असते तर काय केलं असतं? आणि मग राग कुणावर काढावा ते समजत नाही. गणपतरावांनी तोंडाला टॉवेल गुंडाळला, "आक्काताई, पडून ऱ्हावा, मी हाय," म्हणाले आणि रिकामी गाडी तशीच कोल्हापूरला आणली.

तिथं तिला घेतलं ते प्लॅस्टिकच्या पोशाखातल्या माणसांनी. ताप होता का? खोकला? वास येतो का? परगावचा कोण भेटला होता? ती उत्तरं देत राहिली. रक्त जातंय का, हा प्रश्न त्यांच्यात नव्हता. नंतर ती मला म्हणाली, "पुने, त्या प्लॅस्टिकमधी बाई हाय का बाप्या, हेच कळंना. सांगू कुनाला?" रिपोर्ट येईपर्यंत तिला एका हॉलमधे ठेवलं. तिच्या गादीवरचा डाग बघून शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईनं आपली ओढणी काढून दिली, तेवढीच मदत. रिपोर्ट चांगला आला. घरच्यांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. कोरोना नाही म्हणजे काहीच नाही, असे ते दिवस होते. मग घरी जिना चढताना ती परत पडली.

तेव्हा कुठं दाजींनी तिला बायकांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, अंगात रक्त निम्मंही नाही म्हणाल्या. सोनोग्राफी केली. गर्भपिशवीचं अस्तर बिघडलंय म्हणाल्या, आणि विचारलं, "काही औषधं चालू होती का? कसलीही?" आक्का म्हणाली, "न्हाई." शालूमावशी सोबत गेल्या होत्या, त्याही म्हणाल्या, "कसली औषधं ओ? काढा तेवढा." दोघीही खोटं बोलत नव्हत्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी रक्त देऊ, रक्तस्राव थांबवू, आणि एवढं करून आटोक्यात आलं नाही तर पिशवी काढायचा विचार करावा लागेल. घरी पोचेपर्यंत यातलं फक्त शेवटचं वाक्य उरलं. दाजी म्हणाले, डॉक्टर काढायचं म्हणतात तर काढू. सम्राट म्हणाला, त्याच्या बॉसच्या बायकोचीही काढली. शेजारीण म्हणाली, "एक पोरगी झाल्या, आता ती ठिवून काय लोणचं घालायचंय?" दाखल व्हायचा दिवस ठरला. सोबत एकच माणूस आणि तेही बाईमाणूस चालेल म्हणाले. म्हातारीला कोरोनाच्या भीतीनं दवाखान्यात राहू देईनात, म्हणून मला फोन आला. एसटी मिळायचा भरवसा नव्हता. आमच्या गावातनं दुधाचा टेम्पो रोज कोल्हापूरला जायचा, त्याला पास होता. मी कॅनांच्या मधे बसून शाहूपुरीत उतरले, अंगाला दुधाचा आंबूस वास घेऊन.

दवाखान्यात आक्का खाटेवर पांढरीफटक पडली होती. मी रडणार तेवढ्यात तीच म्हणाली, "रडू नगो. निगू दे पिशवी. पिशवी गेली की जिना गेला." माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की हिला ऑपरेशन हवंय! आजार जावा म्हणून नव्हे, पुन्हा त्या चटईवर बसावं लागू नये म्हणून. मी म्हटलं, "आगं, त्यासाठी पोट फाडून घेणार?"  तिनं चादर पोटावर ओढली आणि विचारलं, "पुने, ती काडल्यावर तितं काय ऱ्हातंय गं? मोकळंच?"  मी तिच्या केसांची वेणी घालत बसले.

संध्याकाळी नर्स आली. रक्ताची बाटली बदलली आणि गोळ्यांचं पाकीट हातात दिलं. "ही आता एक, मग सकाळी एक. ब्लीडिंग थांबायला." आक्कानं पाकीट डोळ्यांजवळ नेलं, उलटसुलट केलं आणि एकदम गाडीतल्या आवाजात म्हणाली, "ही तर गौरीची गोळी!"

"कसली?"

"गौरीची ओ. ही आता कशाला? ही मी लॉकडाऊनभर खाल्ल्या."

नर्सनं पाकीट परत घेतलं आणि ती गेली ती डॉक्टरीणबाईंनाच घेऊन आली. बाईंनी तीनदा विचारलं, किती घेतल्या, किती दिवस, रोज? आक्कानं तीनदा सांगितलं. बाई स्टुलावर बसल्या. मास्कच्या वर त्यांचे डोळे तेवढे दिसत होते, त्यात राग होता की दुसरं काही ते मला सांगता येणार नाही.

"मी तुम्हाला विचारलं होतं ना, औषध चालू होतं का म्हणून?"

"औषद न्हवं ओ बाई," आक्का काकुळतीला येऊन म्हणाली. "गोळी."

बाईंनी समजावून सांगितलं. ही गोळी पाळी पुढं ढकलते, पण ती थोड्या दिवसांसाठी असते. महिना-दोन महिने सलग घेतली, मधेच वाढवली, मग एकदम सोडली, तर शरीराचा ताळतंत्र सुटतो. त्यात काळजी, त्यात खाणंपिणं, त्यात वय, सगळं मिळून हे झालं असेल. नक्की कशानं किती, हे त्याही सांगू शकत नव्हत्या. पण एवढं कळल्यावर पिशवी काढायची घाई करायची नाही, रक्त भरून काढू, तपासणीला थोडं अस्तर पाठवू आणि थांबून बघू, असं त्या म्हणाल्या.

"मग तीच गोळी परत कशी काय देताय?" आक्कानं विचारलं, आणि प्रश्न रास्त होता.

"आता मी मोजून देतेय, थांबवायला. तेव्हा तुम्ही न मोजता घेतलीत, ढकलायला."

बाई गेल्यावर आक्का माझ्याकडं वळली. "तुला कळलं?" मी म्हटलं, हो. मला काही कळलं नव्हतं. ज्या गोळीनं आजार केला तीच गोळी आजार बरा करणार, हे मी आजही कुणाला समजावून सांगू शकत नाही. गोळीनं रक्त थांबलं, हे मात्र डोळ्यांनी बघितलं.

ऑपरेशन टळलं म्हणून मी देवाला हात जोडले आणि बघते तर आक्का भिंतीकडं तोंड करून रडतेय. "आता काय झालं?" मी विचारलं. ती म्हणाली, "म्हंजे परत जिन्यातच व्हय?"

मला तिला तिथल्या तिथं राधानगरीला न्यावंसं वाटलं. पण मी दुधाच्या टेम्पोतनं एकटीच परत आले.

आखाडात तिची गाडी आली. मला फोनवर म्हणाली, "आली. कुनाला सांगितलं न्हाई." जिन्यात गेली नाही, कोपऱ्यात गेली नाही, भाकरी केल्या, जोतिबाच्या दिव्यात तेलही घातलं. मला बरं वाटलं, आणि लगेच माझ्याच तोंडातनं निघालं, "दिव्यालाबी हात लावलास?" मी स्वतःला सुधारलेली समजते, बरं का. "लावलो," ती म्हणाली.  मग ती म्हणाली, "काय झालं न्हाई बग." आणि खरंच काही झालं नाही. दिवा जळत राहिला. सम्राट पुण्याला गेला, कोपरा मोकळा झाला, तरी ती परत तिथं बसली नाही. तपासणीत वाईट काही निघालं नाही. गाडीनं मात्र वेळेवर यायचं सोडलं ते सोडलंच. कधी दीड महिन्यानं, कधी वीस दिवसांत. लस घेतल्यावर परत लांबली तेव्हा कुणी लसीवर ढकललं, कुणी वयावर, कुणी त्या गोळ्यांवर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बघू.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली आणि केरबामामा गेले. पहिले दोन दिवस साधा ताप म्हणून अंगावर काढला, मग श्वास लागला, मग ऑक्सिजनची खाट शोधण्यात एक अख्खा दिवस गेला. खाट मिळाली तेव्हा उशीर झाला होता. कुणाला चेहराही बघायला मिळाला नाही. त्या गडबडीत दिव्याकडं कुणाचं लक्ष राहिलं नाही, तो केव्हा विझला तेही कुणी सांगू शकलं नाही.

तिसऱ्या दिवशी आक्काचा फोन आला. "पुने, माझ्यामुळं का गं?"

मला आधी उमजेना. उमजलं तेव्हा मी तिच्यावर अशी ओरडले की गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. येडी का खुळी तू, एवढी माणसं गेली, त्यांच्या घरी काय दिव्याला शिवल्या होत्या बायका? ती ऐकून घेत राहिली. पण माझं एक वाक्य तिच्या आत उतरलं नाही, हे मला फोनवरही कळत होतं.

दिवसकार्य झालं, गाड्या सुरू झाल्या, तेव्हा मी भेटायला गेले. शालूमावशी सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या, म्हणजे चाचपून खडे काढत होत्या. आक्का त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "आत्ती, दिव्याला मी त्या दिसांतबी हात लावत हुतो. गेल्या आखाडापास्नं. तुमास्नी सांगितलं न्हाई."

 म्हातारीचा हात सुपात फिरत राहिला.

"ठावं हाय," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"दोन खोल्यांत काय झाकून ऱ्हातंय? मोरी एक. मला दिसत न्हाई, पर कळत न्हाई असं हाय व्हय?"

"मग बोलला का न्हाईसा?"

"एकदा जिन्यात बसवलं तुला. परत बसवायचं माझ्यानं झालं न्हाई." त्यांनी सूप खाली ठेवलं. "दिवा बोलल्याला माझा. ठावं असून गप बसलो ती मी. आता तू शिकल्याली हाईस, तूच सांग. ह्ये गेले ते तुज्यामुळं का माज्यामुळं?"

 आक्का बोलली. सासूचे दोन्ही हात धरून, गाडीत बोलते त्या खणखणीत आवाजात ती म्हणाली, "कुनामुळं न्हाई, आत्ती. खाट मिळाली न्हाई म्हनून गेले. ऐकलंसा न्हवं? कुनामुळं न्हाई." म्हातारीनं मान डोलावली. त्यांना ते पटलं असावं, कारण त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

आक्का अजून चंदगडच्या गाडीवर असते, आता कुठल्याही दिवशी. घरात कुणी बाजूला बसत नाही, निशिगंधाही नाही, आणि त्यावर कुणी चकार शब्द बोलत नाही. परवा गडहिंग्लजच्या स्टँडवरनं तिचा फोन आला. आधी पावसाचं बोलली, मग म्हशींचं. मग गाडी सुटायच्या आधी घाईघाईनं म्हणाली, "पुने, एकदा खरं सांग. माझ्यामुळं न्हवं, न्हवं?"